चंदनसारचा पत्ता, नंदाखालची हमी

आमच्या घरात अंकलिपीच्या आधी पत्रकं आली. वडील शाळेत चित्रकला शिकवत आणि संध्याकाळी आंदोलनांची पत्रकं लिहीत. टँकरवाले विहिरी उपसतात त्याविरुद्ध, बिल्डर तलाव बुजवतात त्याविरुद्ध, रेशनवर रॉकेल मिळत नाही त्याविरुद्ध. वाटून उरलेल्या पत्रकांच्या पाठीवर मी अआइई गिरवलं. त्यामुळे जगातला कुठलाही अन्याय एका पानात मावतो आणि तळाशी तीन मागण्या लिहिल्या की अर्धा संपतो, अशी माझी पक्की समजूत होती.

अशी मुलगी अमेरिकेच्या व्हिसाचे अर्ज भरायच्या धंद्यात कशी शिरली, असं लोक अजूनही विचारतात. बी.ए. झाले होते, टायपिंग येत होतं, इंग्रजी बरं होतं आणि विरार पूर्वेला सिल्वेस्टरकाकांना असंच माणूस हवं होतं. काका आगाशीकडचे. मुंबईत एका बोट कंपनीच्या ऑफिसात जन्म काढून निवृत्त झाले आणि दोन टेबलं मांडून बसले. झेरॉक्स, टायपिंग, पासपोर्टचे अर्ज आणि लग्न होऊन परदेशी निघालेल्या मुलींचे कागद. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं, की देश सोडून जाणाऱ्यांना मदत करणं मला तत्त्वतः पटत नाही. ते चष्मा पुसत म्हणाले, "तत्त्व सोड असं मी म्हणत नाही. टेबलाखाली जागा आहे, तिथं ठेव. जेवणाच्या सुट्टीत काढ." त्या दिवसापासून त्यांनी मला 'पुढारी' म्हणायला सुरुवात केली आणि मी ऑफिस सोडेपर्यंत दुसरं नाव वापरलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. पुढे आठेक वर्षं मी ते काम केलं. बाहेरच्या माणसाला ते रकाने भरण्याचं वाटतं. रकाने कुणीही भरतो. गाडं अडतं ते दोन ठिकाणी, पत्त्यापाशी आणि हमीपाशी.

आधी पत्ता. आमच्याकडच्या जुन्या गावांत घरांना नंबर नाहीत. आळी सांगा, आजोबांचं नाव सांगा, पोस्टमन पत्र घेऊन येतो आणि चहा पिऊन जातो. नव्या वस्तीत सगळं उलटं. इमारतीला नाव आहे, विंग आहे, फेज आहे, फक्त रस्ता नाही. आता असा पत्ता व्हिसाचे अर्ज सांभाळणाऱ्या अमेरिकेतल्या एका केंद्राच्या फायलीत बसतो. नवरा तिथला नागरिक असला तर बायकोचं काम त्या मानाने लवकर व्हायचं. त्याच्याकडे नुसतं ग्रीन कार्ड असलं तर तिने रांगेत थांबायचं, आणि ती रांग तेव्हा काही वर्षांची होती. तेवढ्या काळात इथं माणसं घरं बदलतात. बदललेला पत्ता तिने सहीनिशी केंद्राला लेखी कळवायचा, एवढंच काम. ते राहिलं, तर नंबर लागल्यावर पत्र जुन्या दारावर येतं. वर्षभर उत्तर गेलं नाही की अर्ज बंद होऊ शकतो आणि रांगेतली वर्षं पाण्यात.

मग हमी. मुलगी सरकारच्या अंगावर पडणार नाही, मी तिला पोसेन, असं नवऱ्याने शपथेवर लिहून द्यायचं आणि आपली कमाई दाखवायची. घरात खाणारी तोंडं किती, त्यावर किती कमाई हवी ते ठरतं. कमी पडली तर तिथं राहणाऱ्या आणखी कुणी तरी जोडीने हमी घ्यायची. कामणचे एक गृहस्थ याच मुद्द्यावर आमच्यावर उखडले होते. त्यांची गोदामं भाड्याने गेलेली. मुलीच्या कागदांसोबत त्यांनी सातबाऱ्याची चळत आणून टेबलावर ठेवली. म्हणाले, माझ्या मुलीला जावई पोसणार हे लिहायचंच कशाला? तिच्या नावावर जागा आहे, ती त्याला पोसेल. मला ते मनापासून पटलं. मी त्यांच्या बाजूने काकांशी भांडलेसुद्धा. पण ती जमीन पाच भावांत सामाईक निघाली आणि आमची क्रांती तिथंच थांबली.

या हमीतली एक गोष्ट मला उशिरा उमगली. आमच्याकडूनच कागद करून गेलेली एक मुलगी दोन वर्षांनी परत आली. नवऱ्याने तिला तिथं एका खोलीत सोडून दिलं होतं. तिच्याकडे पैसे नव्हते, भाषा जेमतेम. झेरॉक्स काढायला आली तेव्हा मी विचारलं, त्याने हमी दिली होती, त्याच्याकडे मागितलं नाहीस? ती म्हणाली, "कसली हमी?" लग्न मोडलं तरी ती हमी संपत नाही, ती जिच्यासाठी आहे तिला हक्काने मागता येते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिचे कागद भरताना टेबलासमोर नेहमी तिचे वडील आणि मोठा भाऊ बसले होते. ती मागच्या बाकावर.

त्या आठवड्यात मी पत्रक लिहिलं. एका पानाचं, मराठीत, नवऱ्याच्या हमीचा अर्थ सांगणारं. वर मथळा होता, 'ही सही तुमच्यासाठी आहे'. तळाशी तीन मागण्यांऐवजी तीन सूचना. पुढे प्रत्येक मुलीला, नातेवाइकांना बाहेर चहाला पाठवून, मी ते मोठ्याने वाचून दाखवायचे. काकांनी फुकट झेरॉक्स दिले. म्हणाले, "अखेर तुझं तत्त्व टेबलाखालून वर आलं."

मेघा आमच्याकडे आली तेव्हा हे पत्रक चांगलं रुळलं होतं. ती नंदाखालची, केळी आणि पानवेलीच्या वाडीत वाढलेली. सासर चंदनसारला. नवरा संदेश न्यू जर्सीत एका छपाई कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर. त्याच्याकडे ग्रीन कार्ड होतं, म्हणून मेघा रांगेत. लग्नानंतर तो एकदाच येऊन गेला होता. सासू पूर्वीच गेलेली, त्यामुळे घरात ती आणि सासरे अण्णा. अण्णा साताऱ्याकडचे, मुंबईत एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवून निवृत्त झालेले. मेघा बारीक आवाजात बोलायची, पण बोलायची नेमकं. संदेशने केंद्रात फोन केला होता. नंबर लागलाय, पत्र केव्हाच पाठवलंय, उत्तर नाही, असं त्याला कळलं. वर्षातले बरेच महिने निघून गेले होते.

मी फाइल काढली. पत्ता चंदनसारच्या एका चाळीचा होता. "ही चाळ आहे कुठे?"

"पाडली ना, ताई. शिमग्याच्या सुमारास."

"मग तुम्ही राहता कुठे?"

"तिथंच. मागच्या नव्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. बिल्डरने आधी ती बांधली आणि चाळवाल्यांना जागा दिली." ती जरा थांबली. "पण राहत नाही."

"राहत नाही म्हणजे?"

"वास्तुशांत व्हायचीय."

काकांनी वर्तमानपत्र खाली केलं. ते म्हणाले, मुली, तू झोपतेस कुठे? तिथंच. स्वयंपाक? तिथंच. मग राहतेस की. मेघा म्हणाली, "अण्णा म्हणतात, आपण मुक्कामाला आहोत. वास्तुशांत झाल्याशिवाय त्या घराचा पत्ता कागदावर घालायचा नाही. रेशन कार्ड, बँक, सगळं जुन्याच पत्त्यावर आहे."

आणि वास्तुशांत का अडली होती? पूजेला जोडपं बसायला हवं. अण्णा विधुर. म्हणून संदेश आणि मेघाने बसायचं असं त्यांनी ठरवलं होतं. संदेशच्या कारखान्यात एक पाळी बंद होऊन त्याचे कामाचे तास कमी झाले होते. रजा घेतली तर ती बिनपगारी, आणि कमाई आधीच हमीच्या आकड्याला थोडी कमी पडत होती. म्हणजे तो आला की हमी आणखी घसरणार, नाही आला तर वास्तुशांत नाही, वास्तुशांत नाही तर पत्ता नाही, पत्ता नाही तर पत्र नाही, पत्र नाही तर हमी लावायचीच कुठे. मी हे कागदाच्या पाठीवर बाणांनी काढून पाहिलं. बाण गोल फिरून पहिल्यापाशी आले.

मी सुचवलं, माहेरचा पत्ता देऊ या. नंदाखालचा पोस्टमन पत्र बरोबर आणेल. मेघाने संध्याकाळी विचारून दुसऱ्या दिवशी उत्तर आणलं. अण्णांचं म्हणणं, सून माहेरी राहते असं अमेरिकेला कळवलं तर ते हे लग्न खरं मानतील का? वाद घालण्यासारखं होतं, पण मुद्दा बिनबुडाचा नव्हता. आम्ही स्वतःच लोकांना सांगायचो, की संसार खरा आहे हे कागदातून दिसू द्या.

रविवारी मी चंदनसारला गेले. तयारी करून. अंधश्रद्धेवरचं वडिलांचं दोन पानी पत्रक मला तोंडपाठ होतं. दार उघडलं आणि आत पाहिलं तर भांडी खोक्यांत, गाद्या दोरीने बांधलेल्या, भिंतीत एकही खिळा नाही. कॅलेंडर जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेलं, तारीख बघायची तर वाकायचं. अण्णा चटईवर ताठ बसले होते. मला खुर्ची दिली. तीही शेजाऱ्यांकडून मागून आणलेली.

मी सुरुवात केली. सज्ञान बाईचा अर्ज तिचा असतो, पत्ता कळवायला घरातल्या कुणाची परवानगी लागत नाही, वगैरे. त्यांनी मधे अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "बाई, तुम्ही बोलता ते छापायला चांगलं आहे." मग मेघाला चहा टाकायला सांगितला आणि ती आत गेल्यावर आवाज खाली आणला. "त्या चाळीत आम्ही शांत न करता शिरलो होतो. पैसे नव्हते. हिची सासू म्हणायची, पुढच्या वर्षी करू. पुढच्या वर्षी ती नव्हती. संदेश तेव्हा पाळण्यात होता. आता हा जोडा तरी नीट घरात शिरू दे."

माझ्या तोंडपाठ पत्रकातलं एकही वाक्य त्या खोलीत उभं राहिना. चहा घेतला आणि निघाले. जिन्यात मेघा म्हणाली, "ताई, मी उद्या गपचूप पत्ता कळवू शकते. तुम्ही म्हणालात तसा हक्क आहे माझा. पण मग मी गेल्यावर ते या घरात एकटे राहणार, आणि त्यांना वाटत राहणार की सुनेने शांत मोडली. तसं नाही जायचं मला." हक्क असूनही तो न वापरणारी माणसं आमच्या पत्रकांत कधी आली नव्हती.

निदान हमीचं काम पुढे रेटावं म्हणून आम्ही जोडीचा हमीदार शोधायला लागलो. मेघानेच नाव काढलं. तिच्या माहेरच्या वाडीला लागून फिलूमावशींची वाडी. त्यांचा मुलगा जोसेफ न्यू जर्सीतच होता, तिथला नागरिक, चांगल्या कामावर. त्याला फोन केला तर तो म्हणाला, सही करतो, पण आधी आईला सगळं समजावून सांगा, तिचा होकार आला की झालं. म्हणून फिलूमावशींना ऑफिसात बोलावलं. त्या घरच्या वाळवलेल्या केळ्यांचा, सुकेळीचा पुडा घेऊन आल्या. मेघासोबत अण्णाही आले. मुलाच्या कमाईत कमी पडतंय हे त्यांना नुकतंच कळलं होतं आणि ते त्यांना लागलं होतं. परक्या माणसाकडे मागायला सुनेला एकटीला पाठवणं त्यांना बरं वाटेना.

मी मावशींपासून काही लपवलं नाही. पत्रक वाचून दाखवलं आणि वर सांगितलं, की उद्या संदेशची नोकरी गेली आणि मेघावर सरकारी मदत घ्यायची वेळ आली, तर ते पैसे जोसेफकडे मागितले जाऊ शकतात. ती तिथली नागरिक होईपर्यंत, नाही तर तिची दहाएक वर्षांची नोकरी भरेपर्यंत. मधे नवराबायकोचं फाटलं तरी हमी चालूच.

"फाटलं तरी?" हे अण्णांनी विचारलं, मावशींनी नव्हे.

"तरीही."



फिलूमावशी त्यांच्या बोलीत बोलत, मी साध्या मराठीत लिहिते आहे. त्या म्हणाल्या, "आमच्या दोन वाड्यांना विहीर एक. पाणी पाळीने. जोसेफ गेला तेव्हा हिच्या बापाने स्वतःची पाळी झाली की आमची लावली. आजपर्यंत लावतो. माझ्या केळी त्याने जगवल्या. त्याची कुणी सही घेतली होती काय?" मग मेघाकडे वळून, "आणि फाटायचं कशाला गो? फाटलंच तर जोसेफच्या घरी जा. त्याची बायको सुंगटाचं कालवण चांगलं करते."

काका म्हणाले, हमीच्या कागदात कालवणाचा रकाना नाही, नाही तर तेही लिहिलं असतं.

सगळे हसले. मी हमीचा कागद पुढे ओढला. जोसेफच्या बाजूने जेवढं इथं भरता येत होतं तेवढं भरायला घेतलं. मेघाचं नाव, जन्मतारीख. मग तिचा सध्याचा पत्ता. मी पेन थांबवलं. मेघाने अण्णांकडे पाहिलं.

अण्णा म्हणाले, "जुना घाला."

"घालते. पण खाली लिहिलंय, वरचा मजकूर खरा आहे अशी शपथ घेतो. सही जोसेफची असेल."

"म्हणजे आमचा खोटा पत्ता त्याच्या शपथेवर?"

"हो."

मला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले नाहीत. सगळा जन्म त्यांनी दुसऱ्यांची वाक्यं शिशाच्या खिळ्यांत उभी केली होती, आणि खालची सही कुणाची आहे ते बघितल्याशिवाय मजकूर यंत्रावर चढवायचा नाही अशी त्यांच्या छापखान्याची शिस्त होती. पुढे त्यांनीच मला हे सांगितलं. त्या दिवशी ते फक्त उठले, काकांना विचारून फोन ओढला आणि गुरुजींना लावला. आम्हाला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. मुलगा येत नाही. हो, अमेरिकेतच. सूनबाई एकटी बसली तर? बरं. बरं. शुक्रवारी चालेल.

फोन ठेवून ते म्हणाले, "नवऱ्याच्या जागी पाटावर सुपारी ठेवली तर चालतं म्हणाले."

हे त्यांना आधी माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्यांना मुलगाच पाटावर हवा होता.

काका हळूच म्हणाले, "म्हणजे तुमच्यातही कमी पडलं की जोडीचा हमीदार चालतो."

अण्णांना हसू यायला जरा वेळ लागला. आलं तेव्हा खोकला येईपर्यंत आलं. फिलूमावशींनी त्यांच्यापुढे सुकेळीचा पुडा धरला.

शुक्रवारी आम्ही तिघंही चंदनसारला गेलो. काका चर्चला जायचा पांढरा शर्ट घालून. फिलूमावशींनी नैवेद्याच्या पानासाठी वाडीतली केळीची पानं आणली होती. मेघा पाटावर बसली, शेजारच्या पाटावर तांदळाच्या मुठीवर सुपारी. संकल्पात गुरुजींनी संदेशचं नाव घेतलं तेव्हा मेघाने सुपारीला हात लावला, आणि दारात उभ्या अण्णांनी डोळे पुसले. तत्त्वाप्रमाणे मी पूजेच्या खोलीत जायचं नाही असं ठरवलं होतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून सगळं पाहिलं. तत्त्वाला तेवढं चाललं.

पानं वाढायच्या आधी अण्णांनी मला बोलावलं. "आधी पत्ता लिहा, मग जेवू." मी पत्ता बदलल्याचं पत्र बरोबर नेलं होतंच. इमारतीचं नाव, विंग, मजला, चंदनसार, विरार पूर्व. मेघाने सही केली. अण्णांनी प्रत्येक अक्षर तपासलं, मगच कागद माझ्या हातात दिला. तोवर कुणी तरी हातोडी आणली होती. अण्णांनी भिंतीत पहिला खिळा ठोकला आणि कॅलेंडर टांगलं.

पत्र वेळेत पोचलं. केंद्राकडून नवे कागद आले ते थेट तिसऱ्या मजल्यावर. नव्या पोस्टमनला अण्णांनी पेढा दिला. संदेशच्या आणि जोसेफच्या हमीचे कागद लागले, मुंबईत मुलाखत झाली आणि मेघा गेली. जाण्याआधी माझं पत्रक तिने पासपोर्टच्या पाकिटात घडी करून ठेवलेलं मी पाहिलं. मी म्हटलं, याची गरज न पडो. ती म्हणाली, "ताई, गरज नाही म्हणूनच नेतेय."

अण्णा नंतर दर गुरुवारी ऑफिसात येऊन बसायला लागले. माझ्या पत्रकाचा मजकूर सैल आहे असं त्यांचं मत होतं आणि ते बरोबर होतं. त्यांनी अर्धा काटला. राहिलेलं अर्धं पत्रक पहिल्यापेक्षा जास्त मुलींनी वाचलं. वडिलांना मी ते दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "यात मागण्या कुठायत?" मी म्हटलं, मागणी एकच आहे आणि ती बाईने स्वतः करायची आहे. त्यांना ते पटलं नाही. आम्ही अजून त्यावर भांडतो, आणि मजेत भांडतो.

देश सोडून जाणाऱ्यांविषयीचं माझं मत पूर्ण बदललं असं मी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन, की त्या ऑफिसात बसून मला कळलं, जाणारा माणूस एकटा जात नाही. मागे कुणी तरी त्याची पाण्याची पाळी लावत असतं.

अशाच एका गुरुवारी फिलूमावशी आल्या. अण्णा पत्रकावर पेन्सिल घेऊन बसले होते. मावशी म्हणाल्या, जोसेफने तिथं नवं घर घेतलंय. हमी घेणाऱ्यानेही घर बदललं की पत्ता कळवायचा असतो, असं मी सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं. पण जोसेफ म्हणतो, तिकडच्या फादरना दोन रविवार सवड नाही. घर आशीर्वादित झालं की मग कळवतो, एवढी कसली घाई.

मी काही म्हणायच्या आत अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली.

"त्याला म्हणावं, आजच कळव. देव शोधत येतो. टपाल परत जातं."

काकांनी वर्तमानपत्राआडून माझ्याकडे पाहिलं. मी फोन मावशींच्या पुढे सरकवला आणि जोसेफचा नंबर फिरवून दिला.